मांजर राहू द्या, उष्टं टाळा

दिवस राहिले म्हणून मांजर घराबाहेर काढा, असा सल्ला गरोदरपणातल्या संसर्गांच्या या चर्चेत कुणीतरी दिलाय. गरज नाही हो! भीती असते ती टॉक्सोप्लाझ्माची, म्हणजे पोटातल्या बाळाला अपाय करू शकणाऱ्या एका परजीवी जंतूची. त्याची अंडी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्गजन्य व्हायला १ ते ५ दिवस लागतात. घाण रोजच्या रोज दुसऱ्या कुणी उचलली की झालं. त्यापेक्षा अर्धकच्चं मांस खाणं टाळा, हा जंतू त्यातूनही येतो.

सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूचं नाव मात्र कुणीच काढलं नाही. तो लहान मुलांच्या लाळेत-लघवीत असतो. थोरल्याने अर्धवट टाकलेला घास आपण सहज तोंडात टाकतो ना, तिथूनही येतो. आईला कळतही नाही, पण पोटातल्या बाळाला बहिरेपण येऊ शकतं, कधीकधी जन्मानंतर काही वर्षांनी. लंगोट बदलला की साबणाने हात धुवा, पापी कपाळाची घ्या. रुबेला (जर्मन गोवर) हाही पोटातल्या बाळाला घातक, पण त्याची लस दिवस राहण्याच्या किमान १ महिना आधीच. गरोदरपणी देत नाहीत.