जुलैत बाबांना मासे कुठे खायला घालू? परत जावंसं वाटेल अशी ठिकाणं सांगा

पर्वरीवासी

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी साताऱ्याहून पर्वरीला आलो. आषाढी झाली की आई-बाबा आठ दिवसांसाठी येतायत, गोव्यात पहिल्यांदाच. बाबांनी जन्मभर नदीचे मासे खाल्लेत, समुद्राचे म्हणजे कधी गणपतीपुळ्याला गेलो तर तेवढेच. "तुझ्याकडं आलो की पोटभर मासे खाणार" असं गेलं वर्षभर फोनवर सांगतायत. आई माळकरी आहे. मासे, अंडी नाहीत, कांदा-लसूणही शक्यतो नाही. पण बाबा शेजारी मासे खात असले तर तिची काही हरकत नसते.

मला 'टॉप टेन'च्या याद्या नकोत, त्या मीही वाचल्यात. तुम्ही स्वतः दुसऱ्यांदा, दहाव्यांदा कुठे गेलात आणि नेमक्या कोणत्या पदार्थासाठी गेलात, ते सांगा. गेल्या महिन्यात किनाऱ्याजवळच्या एका मोठ्या हॉटेलात इसवण (सुरमई) मागवली होती. बाहेरून कुरकुरीत, आत भिजलेल्या कापसासारखी. वासावरूनच कळलं की ती बरेच दिवस बर्फात होती. बाबांच्या ताटात तसलं काही यायला नको.

म्हापसेकर

तुमच्या पर्वरीहून आसगाव जवळच आहे. विनायकला जा. थाळी घ्या आणि शेजारी त्या दिवशी जे काय ताजं असेल ते रवा लावून तळून मागा. साडेबाराच्या आत पोचा, नंतर बाहेर उभं राहावं लागतं. आमचं घर महिन्यातून एकदा तिथे असतंच.

रायबंदरकर

पणजीत 18 जून रस्त्यावर रिट्झ क्लासिक. पहिल्या मजल्यावर आहे, दुपारी जिन्यापर्यंत माणसं उभी असतात. तळलेली तुकडी, हुमण (खोबऱ्याच्या वाटणाची माशांची कढी), किसमूर (सुक्या सुंगटांची म्हणजे कोळंबीची कोशिंबीर), तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, सोलकढी, एवढं एकाच ताटात मिळतं. पहिल्यांदा येणाऱ्याला गोव्याचं जेवण म्हणजे काय ते एका बैठकीत कळतं. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी पहिल्या दिवशी तिथेच नेतो.

शीतकडी

वरच्या दोघांचंही बरोबर आहे, पण जुलै आहे हे कुणीच बोललं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस आपल्याकडे मासेमारी बंदी असते. ट्रॉलर जेटीला बांधलेले असतात. कारवारकडे आणि रत्नागिरीकडेही बंदीच, कारण पश्चिम किनाऱ्याला साधारण तोच नियम आहे. पूर्व किनाऱ्याची बंदी 15 एप्रिल ते 14 जून. म्हणजे जुलैत हॉटेलात जी जाडजूड इसवण दिसते, ती बहुतेक वेळा तिकडून ट्रकात बर्फावर येते. 2018 च्या जुलैत फॉर्मेलिनचं (मासा टिकवायला लावलेल्या घातक रसायनाचं) प्रकरण झालं ते याच बाहेरून येणाऱ्या माशांवरून. त्यानंतर तपासणी वाढली हे खरं. तरी आमच्या घरी जुलैत इसवण, पापलेट आणायचं नाही हा नियम आहे, आणि हॉटेलातही आम्ही तो मोडत नाही.

मग खायचं काय? पुष्कळ आहे. खाडीतला आणि खाजनातला (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातला) मासा मिळतो: शेवटे, चोणक, मानशीवरची (बांधाच्या पाणदारावर धरलेली) सुंगटं, खेकडे. आणि खारवलेला मासा, जो पावसाळ्याचा खरा राजा. मे महिन्यात पुरुमेंताची (पावसाळ्याच्या साठवणीची) खरेदी करून ठेवतात ती याचसाठी. सुक्या सुंगटांचं किसमूर नीट केलेलं खाल्लंय का कधी? सुंगटं मंद आचेवर कुरकुरीत भाजायची, हाताने चुरायची. त्यात ओलं खोबरं, बारीक कांदा, मिरची, कोकमाचं आगळ, आणि वरून खोबरेल तेल, कच्चंच. कालवायचं ते ताटात वाढायच्या अगदी आधी. पाच मिनिटं थांबलात तर सुंगटं मऊ पडतात आणि सगळं फुकट जातं. गरम उकडा भात, पातळ हुमण आणि असं किसमूर समोर आलं की मला तळलेली तुकडी आठवतसुद्धा नाही.

त्यामुळे हॉटेलात बसल्याबरोबर मेनूकार्ड बाजूला ठेवा आणि विचारा, "आज खाडीचं काय आहे?" वाढप्याने क्षणात उत्तर दिलं तर निर्धास्त बसा. "सगळं आहे" म्हणाला तर फक्त थाळी घ्या.

आता माझं ठिकाण. पणजीत 31 जानेवारी रस्त्यावरचं आनंदाश्रम. जागा लहान, टेबलं दाटीवाटीची. मी तिथे जातो हुमणासाठी. मासा तळायला कुणालाही जमतो, स्वयंपाक्याची परीक्षा हुमणात. खोबरं इतकं बारीक वाटलेलं हवं की बोटांना रवाळ लागता कामा नये. आंबट सोलांचं (सुक्या कोकमाचं), तिखट सुक्या मिरचीचं, आणि बांगडा असेल तर तेफळाचा (जिभेला झोंबणाऱ्या मसाल्याच्या फळाचा) वास भात कालवतानाच यायला हवा. माझ्या वडिलांनी मला शाळकरी वयात तिथे पहिल्यांदा नेलं होतं. आता मी माझ्या मुलाला नेतो.

रायबंदरकर

शीतकडी, बंदीचा मुद्दा मान्य, मी लिहायला हवा होता. पण साताऱ्याहून आलेल्या वडिलधाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी दाटीवाटीत बसवू नका. रिट्झला एसी आहे, निवांत जेवता येतं. आनंदाश्रम तिसऱ्या-चौथ्या दिवशी, जीभ सरावल्यावर.

शीतकडी

याबाबतीत तुमचं खरं. आधी रिट्झ, मग आनंदाश्रम.

माशेलची_लेक

सगळे बाबांच्याच मागे लागलात, आईंचं मी सांगते.

गोव्यात शाकाहारी माणसाची उपासमार होते असं बाहेर सगळ्यांना वाटतं. माळकरी माणसासाठी तर आमच्याइतकं चांगलं जेवण दुसरीकडे मिळणार नाही, कारण आमच्या देवळांचं आणि सणांचं जेवण मुळातच कांदा-लसणीशिवायचं. खतखतं घ्या. तूरडाळ, पाच-सात भाज्या, मक्याचं कणीस, सुरण, नीरफणस, वाटलेलं खोबरं, गूळ, सोलं आणि तेफळं. मुगागाठी घ्या, मोड आलेल्या मुगांची, किंचित गोडसर. गोडात मणगणं: चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचा रस.

अडचण एकच, हे पदार्थ हॉटेलच्या रोजच्या कार्डावर क्वचित असतात. फोंड्याकडे कुर्टी, सावईवेरे, केरी भागात मसाल्याच्या बागा आहेत. तिथे बाग दाखवून झाली की जेवण वाढतात. आदल्या दिवशी फोन करून सांगा की माळकरी माणूस आहे, कांदा-लसूण नको. ऐनवेळी सांगितलंत तर त्यांचाही नाइलाज होतो. वाटेत मंगेशी, म्हार्दोळ, कवळे अशी तिन्ही देवळं होतात. एक दिवस पूर्ण आईंचा ठेवा.

आणखी एक. आषाढी झाल्यावर येतायत म्हणालात, तर त्यांना सांखळीला विठ्ठलापूरला नक्की न्या. वाळवंटी नदीच्या काठी विठ्ठलाचं जुनं देऊळ आहे. पावसात नदी भरलेली असते, पंढरीच्या माणसाला तिथे बरं वाटेल.

सकाळच्या नाश्त्याला पणजीत कॅफे तातो किंवा कॅफे भोंसले. पुरी-भाजी, बन्स, मिरचीभजी. बन्स म्हणजे पिकलं केळं घालून भिजवलेल्या पिठाच्या फुगीर पुऱ्या. गोडसर असतात आणि पातळ भाजीत बुडवून खायच्या असतात. भाजीत कांदा असतो, तेव्हा आईंसाठी आधी विचारून घ्या. नुसते बन्स आणि चहा घेतला तरी त्या खूश होतील. मी कॉलेजात असताना आठवड्यातून तीनदा तरी तातोत असायचे. आता पणजीला काही काम निघालं की ते मुद्दाम सकाळचं काढते.

तेफळ

माशेलच्या लेकीला दुजोरा. जुलैत रानात अळमी (अळंबी) येतात, वारुळावरची. रस्त्याकडेला पानात बांधून विकायला बसतात, शेकड्याच्या हिशेबाने. महाग असतात, पण त्यांच्या शागुतीची (भाजलेल्या खोबऱ्याच्या रश्श्याची) चव वर्षभर आठवते. आईंना चालत असतील तर बघा. आमच्याकडे काही माळकरी खातात, काही नाही. तायकिळ्याची (टाकळ्याची) भाजी मात्र कुणालाही चालेल.

मडगावचो

नुसत्या माशांतच अडकू नका. बाबांना कोंबडी चालत असेल तर कॅफ्रियालसाठी साळगावचं फ्लोरेंटीन. हिरव्या मसाल्याची ही कोंबडी पोर्तुगीज अमदानीत मोझांबिककडून आली, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. फ्लोरेंटीनला लोक दुसरं काही मागवायला जातच नाहीत. आमच्या बाजूला, दक्षिण गोव्यात, बेतालभाटीचं मार्टिन्स कॉर्नर. 1989 साली लहानशा जागेत सुरू झालेलं, आता फार मोठं आहे. संध्याकाळी गाणी असतात, आवाज खूप असतो. वयस्कर माणसं बरोबर असतील तर दुपारी जा.

आल्तिनोवाला

बाबांना एक संध्याकाळ गाड्यावर न्या, रस ऑमलेट खायला. पणजी, म्हापसा, मडगाव, कुठेही अंधार पडायला लागला की गाडे लागतात. अमुक एका गाड्याचं नाव मी सांगणार नाही, कारण प्रत्येकजण आपल्याच गाड्यावरून भांडतो. ज्या गाड्यावर रिक्षावाले आणि ऑफिसातून सुटलेली माणसं शेजारी शेजारी उभी असतील तिथे थांबा.

दोन अंडी, कांदा, मिरची, कोथिंबीर फेटून तव्यावर. एका बाजूला मोठ्या टोपात कोंबडीच्या शागुतीचा रस उकळत असतो, भाजलेल्या खोबऱ्याचा, काळपट तांबूस. ऑमलेट ताटलीत पडलं की वरून दोन डाव रस ओततात, मग कच्चा कांदा, लिंबाची फोड, आणि पाव किंवा पोय. मी पोयच घेतो, तिच्यावर कोंडा असतो आणि आत पोकळ, त्यामुळे रस धरून ठेवते. पावसात ताडपत्रीखाली उभं राहून, चष्म्यावर वाफ धरलेली असताना खाल्लेलं रस ऑमलेट मला कुठल्याही मोठ्या हॉटेलच्या जेवणाहून प्रिय आहे. बाबांना सांगा, अर्धा रस आधी नुसता चाखा. मसाला सोसला तर आणखी मागा, गाडेवाला नाही म्हणत नाही.

पर्वरीवासी

मंडळी, काल आई-बाबांना गाडीत बसवून आलो. तुमचं देणं आहे, म्हणून लगेच लिहायला बसलो.

पहिल्या दिवशी रिट्झ. बाबांनी सोलकढीच्या तीन वाट्या घेतल्या आणि किसमुराकडे बोट दाखवून "हे काय?" विचारलं. सुक्या सुंगटांचं आहे म्हटल्यावर त्यांचा विश्वासच बसेना, कारण आमच्याकडे सुकट म्हणजे कांद्यात परतलेली, भाकरीबरोबरची. चौथ्या दिवशी आनंदाश्रमात गेलो. शीतकडींनी सांगितलेला प्रश्न विचारला. वाढपी लगेच म्हणाला, "शेवटो आसा." बाबांनी तळलेली तुकडी अर्धी बाजूला ठेवली आणि हुमण-भात दोनदा घेतला. ते नदीचे मासे खाणारे, त्यामुळे शेवट्याची चव त्यांना ओळखीची वाटली असावी. बाहेर पडताना म्हणाले, "ह्या कढीला तो कसला वास होता?" म्हणजे तेफळाचा! शेवट्यातही घालतात का, शीतकडी?

गाड्यावर दोन संध्याकाळी गेलो. दुसऱ्यांदा मी नव्हतं सुचवलं, बाबाच छत्री घेऊन दारात उभे होते.

आईचा दिवस फोंड्याला. आदल्या दिवशी फोन केला होता, म्हणून तिच्यासाठी वेगळ्या भांड्यात खतखतं केलेलं होतं. जेवण झाल्यावर ती वाढणाऱ्या बाईंशी अर्धा तास बोलत बसली. गोड, आंबट आणि झोंबणारं एकाच भाजीत कसं बसवता, तिला ते जाणून घ्यायचं होतं. बाईंनी सांगितलं, तेफळाची बी काढून टाकायची, फक्त साल ठेचून घालायची, आणि उकळी आल्यावर घालायची, आधी नाही. आईने ते हरिपाठाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं. सांखळीलाही गेलो, पाऊस खूप होता, देवळात आमच्याशिवाय चार-पाच माणसं होती. आई बराच वेळ उठलीच नाही.

जाताना म्हापशाच्या बाजारातून पाव किलो वाळलेली तेफळं आणि सोलं घेतली. बाबांनी सुकी सुंगटं घेतली, दोन पिशव्यांत बांधून, आईच्या सामानापासून लांब ठेवून. आता ते विचारतायत की पुन्हा कधी येऊ, बंदी उठल्यावर लगेच 1 ऑगस्टला आलो तर?

शीतकडी

वाचून फार आनंद झाला. आमच्या घरी शेवट्याला तेफळ घालतात. नियम सोपा आहे: हुमणाच्या वाटणात कांदा असेल तर तेफळ नाही, तेफळ असेल तर कांदा नाही. सुंगटांच्या हुमणात कांदा आणि कैरी, बांगड्याला तेफळ.

1 ऑगस्टला नका बोलावू. बंदी उठते, पण दर्या शांत नसतो, पुष्कळजण नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी काढत नाहीत. पौर्णिमा होऊन आठवडा जाऊ द्या. तेव्हा सुंगटं भरपूर येतात. बाबांना घेऊन या आणि आल्यावर मला इथे कळवा, त्या दिवशीचं जेवण आमच्या घरी.