घरच्याच माणसाची सेवा आणि सरकारी मदत : नाशिककरांनो, तुमचे अनुभव सांगा

वडिलांना लकवा झाला त्याला या पावसाळ्यात दोन वर्षं झाली. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं गेलं. मी अंबडच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते, ती नोकरी सोडली. दर दोन तासांनी कूस बदलणं, डायपर, भरवणं, फिजिओथेरपीचे व्यायाम हे सगळं माझ्याकडे आहे. मध्यंतरी मला टायफॉइड झाला तेव्हा ब्यूरोतून मावशी बोलावली. दिवसाच्या 12 तासांचे तिने महिन्याला 14,000 सांगितले, आणि ते रास्तच होते. त्या रात्री पहिल्यांदा डोक्यात आलं की हेच काम मी 24 तास करते आणि कुठल्याच कागदावर माझं नाव नाही.

संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करायला गेले. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50,000. भावाचा पगार महिना 13,000 आहे, म्हणजे चार महिन्यांतच आम्ही त्या मर्यादेच्या बाहेर. पाच जणांचं घर त्या पगारावर चालतं, पण अर्जात तो रकाना नाही.

तुमच्यापैकी कुणाला घरच्या माणसाची काळजी घेताना सरकारकडून पैसे मिळाले का? किती, कुणाच्या नावावर, आणि त्यासाठी काय काय करावं लागलं? मोकळेपणाने लिहा. (पाथर्डी फाटा)

पंचवटीहून, एका आईचा अनुभव

ताई, माझा मुलगा 25 वर्षांचा आहे, बौद्धिक दिव्यांग, 75 टक्के. त्याचे वडील नाहीत. मी चार घरी पोळ्या करते, त्यामुळे उत्पन्नाच्या दाखल्यात आम्ही बसलो. सुरुवातीला संजय गांधी योजनेतून महिना 600 रुपये यायचे. मग 1,000 झाले, 2023 मध्ये 1,500 आणि ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना 2,500. पैसे त्याच्या नावावर येतात. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि आता डीबीटी, म्हणजे पैसे थेट बँक खात्यात, असल्याने आधार खात्याला जोडलेलं नसलं की हप्ता अडकतो.

मला सांगायचंय ते अठराव्या वर्षाबद्दल, कारण हे मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं. मूल अठराचं झालं की कायद्याच्या दृष्टीने आई पालक उरत नाही. एका बँकेने सांगितलं, सही त्याची हवी. त्याला पेन धरता येत नाही. अंगठा घ्यायचा म्हटलं तर मशीनवर बोट टेकवताच तो घाबरून ओरडायला लागायचा, आणि रांगेतली माणसं आमच्याकडे बघत राहायची. तीन फेऱ्या अशाच गेल्या. तिसऱ्या वेळी मी तिथेच बाकावर बसून रडले.

मग त्याच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं की 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र मिळतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती ते देते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व या चौघांसाठी हा कायदा आहे. प्रमाणपत्र हातात आल्यावर खातं मी चालवू लागले. ज्यांचं लेकरू सोळा-सतराचं आहे त्यांनी आत्ताच कागद गोळा करायला घ्या, वाढदिवसाची वाट बघू नका.

त्याच न्यासाची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि थेरपीचा खर्चही त्यात येतो. आमची स्पीच थेरपी त्यामुळेच सुटली नाही.

दिंडोरी तालुक्यातून, भाच्यांच्या मामाने लिहिलेलं

2021 च्या एप्रिलमध्ये बहीण आणि दाजी दोघंही कोरोनात बारा दिवसांच्या अंतराने गेले. मागे दोन पोरं, 6 आणि 9 वर्षांची. ती आमच्या आईकडे राहतात, आई 67 ची आहे. आमच्या घरात ज्या योजनेने खरा आधार दिला ती बालसंगोपन योजना. आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे.

आधी एका मुलामागे महिना 1,100 मिळायचे, आता 2,250. दोघांचे मिळून 4,500. मूल अनाथाश्रमात न जाता घरात, नात्यात वाढावं म्हणून ही मदत आहे, आणि 18 वर्षांपर्यंत मिळते. एकच पालक असलेल्या किंवा आई-वडिलांना गंभीर आजार असलेल्या मुलांनाही मिळते, हे गावात कितीतरी जणांना माहीत नाही. अर्ज महिला व बालविकास विभागाकडे, मग गृहभेट, मग बालकल्याण समितीसमोर मुलांना घेऊन जायचं. धाकटा समितीच्या मॅडमना म्हणाला, "मी आजीकडेच झोपतो." आदेश निघाला.

हप्ते वेळेवर येत नाहीत. एकदा सात महिने काहीच आलं नाही, द्राक्षाच्या छाटणीचे पैसे मोडून शाळेची फी भरली. पण आलं तेव्हा मागचं सगळं आलं. आई ते पैसे पितळी डब्यात वेगळे ठेवते, म्हणते हे पोरांचे आहेत, मीठ-मिरचीला हात लावायचा नाही.

देवळाली कॅम्पहून

माझे मिस्टर फौजेत होते. मणक्याला मार लागला, कमरेखाली संवेदना नाही, 100 टक्के अपंगत्व. सैन्याच्या अपंगत्व पेन्शनमध्ये कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स असतो, म्हणजे सतत जवळ माणूस लागतो म्हणून मिळणारा भत्ता. सातव्या वेतन आयोगानंतर तो 6,750 होता, जानेवारी 2024 पासून 8,438 झाला. तो आपोआप सुरू होत नाही. मेडिकल बोर्डाने तशी शिफारस लिहिलेली असावी लागते. आमच्या कागदात ती ओळ आधी राहून गेली होती, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या एका सुभेदार साहेबांनी ती पकडली. सैनिक घरच्या कुणाच्या पाहण्यात असे असतील तर पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, एकदा नीट वाचा.

सतत जवळ लागणारा तो माणूस मीच आहे, 11 वर्षं. भत्ता त्यांच्या पेन्शनमध्ये येतो. पहिल्या महिन्यात त्यांनी तेवढे पैसे काढून माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, हे तुझे. तेव्हापासून दर महिन्याला देतात.

शासकीय सेवेतल्या एका परिचारिकेकडून, थोडक्यात

राज्य शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना दिव्यांग अपत्यासाठी विशेष बालसंगोपन रजा आहे, संपूर्ण सेवेत 730 दिवस, अपत्य 22 वर्षांचं होईपर्यंत. पत्नी हयात नसलेल्या पुरुष कर्मचाऱ्यांनाही. पगार चालू राहतो. मुलीच्या पायाच्या दोन शस्त्रक्रिया मी याच रजेत निभावल्या. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

गंगापूर रोडहून

माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात असते. तिच्या सासूबाईंना पार्किन्सन्स आहे आणि त्या तिथल्या मेडिकॅलमध्ये, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेत, आहेत. इन-होम सपोर्टिव्ह सर्व्हिसेस या कार्यक्रमात सोशल वर्कर घरी येऊन आंघोळ, जेवण, चालवणं याला किती वेळ लागतो ते तासांत मोजते. महिन्याला जास्तीत जास्त 283 तास मंजूर होतात. सासूबाईंनी सुनेलाच नेमलं. ती टाइमशीट भरते आणि तासाप्रमाणे पगार तिच्या नावावर येतो. गौरीच्या सणाला फोन आला तेव्हा म्हणाली, पहिला चेक आला त्या दिवशी सासूबाई मला म्हणाल्या, आता तरी दुपारची झोपत जा, नोकरीवाली आहेस.

पुन्हा मी, पाथर्डी फाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुमचं अठराव्या वर्षाचं आमच्या शेजारच्या घरी लगेच सांगितलं, त्यांची मुलगी सतराची आहे.

तुमचे अनुभव वाचून मी 2016 चा दिव्यांग हक्क कायदा उघडला. कलम 24 मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख आहे, आणि अशा आधारासाठी अर्ज कसा करायचा ते कलम 38 मध्ये. केरळात आश्वासकिरणम् योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्यांना महिना 600 रुपये देतात. रक्कम लहान आहे, पण ती सेवा करणाऱ्यासाठी म्हणून दिली जाते. मला ते फार मोठं वाटलं.

अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अजून काढलेलं नाही, सिव्हिलला न्यायचं आहे. त्यांना बसतं करून रिक्षात घालणं मला एकटीला जमत नाही, भावाची सुट्टी गुरुवारी असते. व्हीलचेअर आत जाईल अशी गाडी कुणाच्या माहितीत असेल तर कळवा.