मदत हवी आहे: १९७३ ची प्रीमियर प्रेसिडेंट सुरू होते आणि बंद पडते

वडाळा७३
गाडी (जुनी फियाट) पहिल्या सेल्फला सुरू होते आणि थोड्या वेळात बंद पडते. कार्ब्युरेटर उघडून साफ केलाय, प्लग नवे, कॉइल नवी. आता काय उरलं? शनिवारपर्यंत चालू हवी आहे. कृपया नेमका उपाय सांगा.

मिरजकर
"थोड्या वेळात" म्हणजे किती? ५ सेकंद, ३ मिनिटं की अर्धा तास? तिन्हींचे आजार वेगळे. बंद पडताना खट्‌कन पडते की गुदमरत, हुंदके देत? लगेच सेल्फ मारला तर उचलते का? चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी दांडी) ओढलेला असतो की आत? गाडी किती दिवस उभी होती? एवढं लिहा, मग बोलू.

टप्पेट
कंडेन्सर (ठिणगीच्या सर्किटमधला छोटा भाग) बदला. गरम झाला की असंच होतं. पॉइंटचा (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि प्लगचा गॅपही तपासा. खरं तर पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनच बसवा, कायमची कटकट जाईल.

मिरजकर
टप्पेटभाऊ, आजार कळायच्या आधी भाग बदलत सुटलं तर खिसा रिकामा होतो. शिवाय बाजारात मिळणारे बरेचसे नवे कंडेन्सर जुन्यापेक्षा वाईट निघतात. चालू आहे तो आधी तपासू द्या.

वडाळा७३
साधारण ३ मिनिटं. गुदमरून बंद पडते. लगेच उचलत नाही, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा पहिल्यासारखी सुरू. चोक आत असतो. गाडी पावसाळ्याआधीपासून उभी होती, त्याचा काय संबंध?

कॉइल_आणि_करंट
संबंध आहेच, पण आधी कॉइल. नवी बसवलीत ती कुठली? या गाडीला मुळात रेझिस्टर नसलेली, साधारण ३ ओहमची कॉइल लागते. दुकानदार कधीकधी १.५ ओहमची देतात, ती बाहेरच्या रेझिस्टरसोबत वापरायची असते. रेझिस्टरशिवाय जोडली तर दुप्पट करंट खेचते, तापते, पॉइंट जळतात. दोन्ही वायरी काढून कॉइलच्या दोन टर्मिनलवर मीटर लावा.

वडाळा७३
३.१ दाखवतंय.

कॉइल_आणि_करंट
मग कॉइल बरोबर आहे. आता बंद पडल्याच्या क्षणीच ठिणगी बघा, नंतर बघून उपयोग नाही. जास्तीचा एक प्लग घेऊन इंजिनच्या लोखंडाला टेकवा, निळी आणि कडक ठिणगी हवी. ही तपासणी पेट्रोलचा कुठलाही पाइप उघडण्याआधी करा.

मिरजकर
त्याहून सोपी परीक्षा आहे. एअर क्लीनर आधीच काढून ठेवा. गाडी बंद पडली की लगेच कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत हाताने थ्रॉटलची दांडी झटक्यात पूर्ण उघडा. अॅक्सिलरेटर पंपाच्या नळीतून पेट्रोलची पिचकारी आली तर कार्ब्युरेटरच्या वाटीत (जिथे पेट्रोल साठतं) पेट्रोल आहे, मग करंटमागे लागा. पिचकारी आली नाही तर वाटी कोरडी आहे आणि कंडेन्सर, कॉइल, पॉइंट या सगळ्यांना सुट्टी.

३ मिनिटं हा आकडाही बोलका आहे. एवढं इंजिन नुसतं आयडलवर तासाला लिटरभराच्या आसपास पेट्रोल पितं, म्हणजे मिनिटाला साधारण १५ मिली. वाटीत उपयोगाचं पेट्रोल ४०-५० मिली. मागून काहीच आलं नाही तर ते तीनेक मिनिटांत संपणारच.

शिवडीचा_प्रवासी
१९७३ ची म्हणजे ५० वर्षं झाली. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार विंटेज नोंदणी करता येईल. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,०००. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. मात्र त्यानंतर गाडी रोजच्या वापरात चालवता येत नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच.

वडाळा७३
नोंदणीचं नंतर बघू, आधी गाडी चालू दे. पिचकारी आली नाही.

टप्पेट
मग फ्लोटची सुई (वाटी भरली की पेट्रोल अडवणारी) अडकलीय, नाहीतर पंपाचा डायफ्राम (पेट्रोल ओढणारा लवचिक पडदा) गेलाय. इलेक्ट्रिक पंप टाका, प्रश्न मिटला.

मिरजकर
कुठलाही इलेक्ट्रिक पंप चालत नाही. इंजेक्शनच्या गाडीचा पंप ४० पीएसआयच्या (दाबाचं एकक) वर दाब देतो. तो फ्लोटच्या सुईला दाद देणार नाही आणि पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर सांडेल. कार्ब्युरेटरला २ ते ४ पीएसआय पुरतात. शिवाय अपघातात आपोआप बंद होणारा स्विच नसेल तर लावूच नये. इथे त्याची गरज आहे की नाही तेही अजून ठरलेलं नाही.

वडाळा, क्रमाने करा:
१. टाकीचं झाकण सैल करून गाडी चालवा. झाकणाची हवेची वाट बुजली की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल येईनासं होतं. फरक पडला तर झाकण साफ करा, काम झालं.
२. फरक नसेल तर पंपाचा टाकीकडून येणारा पाइप काढून बंद करा आणि पंपाला थेट एका छोट्या डब्यातून पेट्रोल द्या. गाडी उघड्यावर, इंजिन गार, डबा एक्झॉस्टपासून लांब नीट बांधलेला, शेजारी अग्निशामक. डब्यावर गाडी सलग चालली तर पंप आणि कार्ब्युरेटर दोन्ही ठीक, दोष मागे आहे.

वडाळा७३
झाकणाने फरक नाही. डब्यावर मात्र अर्धा तास मस्त चालली, रेस केली तरी हूं की चूं नाही.

निम्न_तापमान
उन्हाळा असेल तर व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेने पाइपात पेट्रोलची वाफ होऊन वाट अडते. पाइपावर ओलं फडकं ठेवा.

मिरजकर
डब्यातलं पेट्रोलही त्याच पंपातून आणि त्याच गरम पाइपातून गेलं. व्हेपर लॉक असता तर तिथेही झाला असता.

दोष आता टाकी ते पंप एवढ्यातच आहे. दोन शक्यता. पंपाजवळचा रबरी पाइप चिरला असेल तर तो पेट्रोलऐवजी हवा ओढतो. अशी चीर बाहेरून ओली दिसत नाही, म्हणून नजरेतून सुटते. किंवा टाकीतल्या नळीच्या तोंडाशी गंज अडकतोय. तुमच्या लक्षणांवरून दुसरी जास्त वाटते: ओढ असेपर्यंत गाळ तोंडाला चिकटतो, गाडी बंद पडली की पंधरा मिनिटांत खाली बसतो आणि वाट मोकळी होते. झाकण उघडं ठेवून सायकलच्या पंपाने पाइपातून उलटी हवा सोडा. टाकीत बुडबुड ऐकू यायला हवी.

वडाळा७३
आधी पंप दाबताच येईना, मग एकदम मोकळा झाला आणि बुडबुड आली. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटं चालली. परत तेच.

कॉइल_आणि_करंट
मग गंजच. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी धरून ठेवतं, आणि पाणी फार झालं की ते इथेनॉलसह खाली बसतं. पावसाळाभर अर्धी टाकी तशीच राहिली की तळाचा पत्रा आतून खातो.

मिरजकर
टाकी उतरवा, हवा मारून आता भागणार नाही. पेट्रोल काढा, पेट्रोल गेजचं युनिट आणि नळी बाहेर काढा, टाकी पाण्याने दोनदा धुवा. मग मूठभर नट टाकून हलवा, गाळ ओता. उरलेल्या गंजाला व्हिनेगर भरून दिवसभर ठेवा, धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारा, लगेच कडक वाळवा. वाळायला उशीर झाला की तासाभरात नवा तांबूस थर येतो; म्हणून शेवटी थोडं तेल मिसळलेलं पेट्रोल आत फिरवून ओतून टाका. छिद्र निघालं तर रिकाम्या टाकीला वेल्डिंग लावू देऊ नका. वास येत नसला तरी वाफ आत असते आणि टाकी फुटते.

टप्पेट
पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर लावा, गाळ दिसेल तरी.

कॉइल_आणि_करंट
पण कागदाचा नको. ओढीच्या बाजूला बारीक कागद भरला की हाच त्रास पुन्हा. तिथे जाळीचा, कागदाचा पंपानंतर.

वडाळा७३
टाकी उतरवली. तळातून चमचाभर लाल गाळ आणि वाटीभर पाणी निघालं. नळीच्या तोंडाची जाळी अर्धी सडलेली आहे. धुऊन वाळत घातलीय. रबरी पाइपही बदलू का?

मिरजकर
हो, दोन्ही टोकांचे. एसएई ३० आर ९ छापलेला पाइप मागा, जुना साधा रबर या पेट्रोलमध्ये मऊ होऊन आतून सोलतो. जाळी नवी बसवा. आणि डिपस्टिक काढून तेलाचा वास घ्या: पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वाढलेली दिसली तर पंपाचा डायफ्रामही जातोय. मग तेल आणि डायफ्राम बदलेपर्यंत शनिवारची घाई करू नका.