मदत हवी आहे : पाचही स्वर ओळीने असलेले लांब इंग्रजी शब्द

नमस्कार मंडळी. आठवी-नववीच्या मुलांसाठी शब्दखेळ तयार करतेय. ए, ई, आय, ओ, यू हे स्वर एकेकदाच आणि याच क्रमाने येतील असे इंग्रजी शब्द हवेत. 'फसीशस' (नको तिथे थट्टा करणारा) आणि 'अ‍ॅब्स्टीमियस' (खाण्यापिण्यात संयम पाळणारा, १० अक्षरी) मिळाले. 'आर्सीनियस' म्हणजे आर्सेनिकयुक्त. तो मुलांना कशाला!

उलट्या क्रमाचे मात्र झकास आहेत: 'सबकॉन्टिनेंटल', १४ अक्षरी, उपखंडाशी संबंधित, 'अनकॉम्प्लिमेंटरी' तर १५ अक्षरी, म्हणजे कमीपणा दाखवणारा. 'एज्युकेशन'मध्येही पाचही स्वर आहेत, पण क्रम विस्कटलेला.

सुलट क्रमाचे, दहाहून जास्त अक्षरांचे, वापरातले शब्द कुणाला ठाऊक आहेत का? अर्थासकट सांगा. शेवटी एल-वाय जोडून लांबवलेलेही चालतील.