‘सेव्ह’ केलं म्हणजे दिलं, असंच मुलांना वाटतं. शिक्षकाने काय करावं?

संख्याशास्त्र_शिकवते

नमस्कार. मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवते. व्हिडिओ, नोट्स, असाइनमेंट, चाचण्या सगळं एका ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर चालतं. गेल्या आठवड्यात जे घडलं ते डोक्यातून जात नाही, म्हणून इथे विचारते.

रिग्रेशनची असाइनमेंट रविवारी रात्री बारापर्यंत द्यायची होती. सोमवारी सकाळी यादी उघडली तर ४१ पैकी ९ जणांच्या नावापुढे ‘ड्राफ्ट’. वेळेत न देणाऱ्याला शून्य, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे नऊ शून्यं टाकून मोकळी झाले. दुपारी एक मुलगी फोन घेऊन आली. स्क्रीनशॉटमध्ये फाईल चढलेली, नाव बरोबर, वेळ रात्री ९:१२, आणि वर हिरवी पट्टी, ‘बदल सेव्ह झाले’. म्हणाली, “मॅडम, मी तर दिलं होतं.”

आणि तिने दिलंच होतं की! फाईल सेव्ह केल्यावर जे पान येतं त्याच्या तळाशी ‘सबमिट’ नावाचं आणखी एक बटण असतं, ते दाबायचं राहिलं. मोबाईलवर ते बटण दोनदा खाली सरकवल्याशिवाय दिसत नाही, हे मी तिच्या फोनवर पहिल्यांदा पाहिलं. चार वर्षं हाच प्लॅटफॉर्म वापरतेय, पण मोठ्या स्क्रीनवर आणि शिक्षकाच्या लॉगिनने. नऊही शून्यं त्याच दिवशी काढली. आधीच्या चार वर्षांत अशी किती टाकली असतील, ते आता शोधताही येणार नाही.

माझ्या बाजूनेही त्रास आहेच. एकाचं काम तपासून मागे आलं की यादी पुन्हा पहिल्या नावावर जाते. सविस्तर शेरा लिहिताना सेशन संपलं की लिहिलेलं सगळं जातं, म्हणून शेरे आधी वेगळ्या फाईलमध्ये लिहून मग चिकटवते.

सॉफ्टवेअर बदलणं माझ्या हातात नाही. माझ्या कोर्सपुरतं मी काय बदलू शकते? आणि मुलांना नेमकं काय दिसतं, ते मला कसं कळेल?

सर्व्हर_सांभाळतो

ताई, तुम्ही कोणता प्लॅटफॉर्म वापरता ते लिहिलेलं नाही. मी मूडल हा ऑनलाइन शिक्षणाचा प्लॅटफॉर्म सांभाळतो, तिथलं सांगतो. तुमच्याकडे नावं वेगळी असतील, गोष्ट बहुधा हीच असेल.

असाइनमेंटच्या सेटिंगमध्ये ‘विद्यार्थ्याने सबमिट बटण दाबणं आवश्यक’ अशा अर्थाचा एक पर्याय असतो. तो ‘हो’ असला की सेव्ह केलेली फाईल ड्राफ्ट राहते. ‘नाही’ केलात की सेव्ह म्हणजेच सबमिट, आणि मुदत संपेपर्यंत मुलं फाईल बदलूही शकतात. मुळात तो ‘नाही’वर असतो, पण कोणीतरी पूर्वी ‘हो’ केलेला असतो आणि जुना कोर्स कॉपी करत गेलं की तोच पुढे येत राहतो. तुमच्याकडे असंच झालं असण्याची शक्यता दाट आहे.

दुसरं म्हणजे पोच. काम सबमिट झाल्यावर विद्यार्थ्याला आपोआप संदेश जायची सोय असते. ती चालू आहे का ते तुमच्या ऍडमिनला विचारा, आणि वर्गात एकच वाक्य सांगा: पोच आली नाही तर काम पोचलं नाही.

मुलांना काय दिसतं, याबद्दल. मूडलमध्ये ‘स्विच रोल टू’ करून विद्यार्थ्याच्या भूमिकेत जाता येतं, पण त्यावर विसंबू नका. पान तसं दिसतं, तरी तुम्ही खरे विद्यार्थी नसता; काम देणं, मार्क बघणं, संदेश येणं याचा अनुभव त्यात नीट मिळत नाही. ऍडमिनकडून एक खोटा विद्यार्थी मागून घ्या, त्याचं लॉगिन स्वतःच्या फोनवर टाका आणि प्रत्येक असाइनमेंट मुलांना खुली करण्याआधी एकदा स्वतः देऊन बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि खरं काही शिकायचं असेल तर एका मुलाच्या शेजारी बसा, ‘अमुक असाइनमेंट दे’ एवढंच सांगा आणि गप्प राहा. गप्प राहणं फार अवघड जातं, आधीच सांगून ठेवतो. वेबसाइट वापरायला किती सोप्या आहेत याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी २००० साली लिहिलं होतं की पाच जणांना असं वापरताना पाहिलं तरी बहुतेक अडचणी कळतात, साधारण ८५ टक्के. पाच मुलं तुम्हाला सहज मिळतील.

वीस_वर्षं_फळ्यासमोर

सूचना स्पष्ट लिहिलेली असताना ती वाचणं ही मुलांची जबाबदारी नाही का? उद्या नोकरीत अर्ज अर्धवट भरला तर कोण ऐकून घेणार? आपण सगळं सोपं करत गेलो तर त्यांना लक्ष देऊन वाचायची सवय कधी लागायची?

तिसरं_सेमिस्टर

सर, मी विद्यार्थी आहे, आदर ठेवून लिहितो. सूचना आम्ही वाचतो. पण कोणती वाचायची? एका विषयाची सूचना घोषणांमध्ये असते, दुसऱ्याची असाइनमेंटच्या पानावर, तिसऱ्याची पीडीएफमध्ये पान ४ वर, आणि चौथ्या विषयाचे सर तारीख बदलली की फक्त ग्रुपवर टाकतात. मला या सेमिस्टरला सहा विषय आहेत. शिक्षकाला स्वतःचा एक कोर्स दिसतो, आम्हाला सहा दिसतात आणि सहाही वेगळ्या पद्धतीने मांडलेले. कॅलेंडरमध्ये फक्त दोन विषयांच्या तारखा येतात, कारण बाकीच्यांनी तारीख सेटिंगमध्ये न घालता मजकुरात लिहिलेली असते. त्यामुळे कॅलेंडर रिकामं दिसलं तरी निर्धास्त राहता येत नाही.

फाईलींच्या नावांचंही सांगायचं आहे. ‘युनिट ३’, ‘युनिट ३ नवीन’, ‘युनिट ३ फायनल’ आणि ‘युनिट ३ फायनल सुधारित’, या चारही आमच्या एका कोर्समध्ये आहेत. परीक्षेच्या आदल्या रात्री मी चारही उतरवून शेजारी शेजारी उघडल्या आणि फरक शोधत बसलो. फरक एका कोष्टकातल्या दोन आकड्यांचा होता. तो एक तास अभ्यासाचा होता.

फाईल किती मोठी चालेल, हेही फाईल चढवण्याआधीच दिसू द्या. माझं नेट हळू आहे. १८ पानांचे फोटो चढवायला पंचवीस मिनिटं लागली, आणि शेवटी लाल अक्षरांत एवढंच आलं: ‘त्रुटी’. किती एमबी चालतात, कुठल्या प्रकारची फाईल हवी, काहीच नाही. बारा वाजायला दहा मिनिटं उरली होती.

कानाने_वाचतो

मला दिसत नाही, मी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो. तिसरं_सेमिस्टरने जे लिहिलं त्यात माझी थोडी भर.

नोट्स स्कॅन करून टाकल्या की ती पीडीएफ म्हणजे नुसते फोटो. माझा स्क्रीन रीडर त्यातला एक शब्द बोलत नाही. ज्या वर्डच्या फाईलवरून प्रिंट काढून स्कॅन केलं, ती मूळ फाईलच टाकली असती तर मी पहिल्या मिनिटाला वाचायला बसलो असतो. मॅडम, तुमच्या विषयात हे जास्तच लागू आहे. समीकरणाचं चित्र टाकलंत तर माझ्यासाठी तिथे काही नसतं. तेच लाटेकमध्ये, म्हणजे समीकरणं अक्षरांत लिहायच्या पद्धतीत, टाइप केलं आणि ती पानावर दाखवणारं मॅथजॅक्स प्लॅटफॉर्मवर चालू असलं, तर मला समीकरण ऐकता येतं, अंश कुठे संपला आणि छेद कुठे सुरू झाला यासकट.

लिंकचं नाव ‘इथे क्लिक करा’ असं देऊ नका. मी इन्सर्ट आणि एफ७ दाबून पानावरच्या लिंकची यादी काढतो. एका कोर्सच्या पानावर मला अकरा वेळा ‘इथे क्लिक करा’ ऐकू आलं. व्याख्यान कुठलं, असाइनमेंट कुठली, काही कळायला मार्ग नाही.

आणि ‘शब्द ओढून रिकाम्या जागी टाका’ असे प्रश्न. माउसशिवाय ते सोडवता येत नसतील तर उत्तर येत असूनही माझे मार्क जातात. सगळं कीबोर्डने करता आलं पाहिजे, हा डब्ल्यूसीएजीचा, म्हणजे वेबसाइट अपंगांनाही वापरता याव्यात यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांचा, अगदी पहिल्या पातळीचा नियम आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीत ओढण्याला साध्या क्लिकचा पर्याय हवा, हेही आलं. ज्यांचा हात थरथरतो त्यांच्यासाठी ते फार मोलाचं आहे. तोच प्रश्न पर्याय निवडण्याच्या रूपात विचारला तर कोणाचंच काही अडत नाही.

चाचणीला जास्त वेळ लागणाऱ्या विद्यार्थ्याला वेगळी वेळ देण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. ती दर चाचणीला मागायला लावू नका. दर वेळी ईमेल लिहून आठवण करून देणं मला जड जातं.

संख्याशास्त्र_शिकवते

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, मध्ये बरंच करून पाहिलं.

सर्व्हर_सांभाळतो, तुमचा अंदाज बरोबर निघाला. पर्याय ‘हो’ होता आणि जुना कोर्स कॉपी करताना माझ्याकडे आला होता. आता बंद केलाय.

पाच जणांच्या शेजारी बसले. पहिल्याच मुलाच्या वेळी “अरे, वर बघ” असं तोंडातून निसटलं, तेव्हा तो सोडून दिला आणि सहावा घेतला. पाचही जण कोर्स उघडून अंगठ्याने सरळ खाली सरकवत गेले. मी मोठ्या हौसेने वर लावलेलं स्वागताचं चित्र आणि दोन परिच्छेदांचा परिचय ओलांडायला प्रत्येकाला सात-आठदा सरकवावं लागलं. डाव्या बाजूचा मेनू कोणी उघडला नाही. तो आहे हेच तिघांना माहीत नव्हतं. एक मुलगी असाइनमेंटच्या पानावर थांबली, माझी चौदा ओळींची सूचना पाहिली आणि थेट शेवटच्या ओळीवर गेली, कारण तारीख तिथे असते हे तिला अनुभवाने ठाऊक होतं. फळ्यासमोरचे सर, याचं उत्तर मला तिथे मिळालं. ती लक्ष देऊनच वाचत होती, तिला हवं ते मीच तळाशी ठेवलं होतं. आता सूचना चार ओळींची आहे: काय द्यायचं, कुठल्या प्रकारची फाईल आणि किती एमबीपर्यंत, कधीपर्यंत, अडलं तर कोणाला विचारायचं. तारीख सेटिंगमध्ये घातली, मजकुरातून काढली.

ते ८५ टक्के मी तपासून पाहिले, सवयीचा भाग. एका माणसाला सरासरी ३१ टक्के अडचणी सापडतात असं धरलेलं आहे. मग पाचही जणांच्या नजरेतून निसटणाऱ्या अडचणी म्हणजे ०.६९ चा पाचवा घात, साधारण १६ टक्के. गणित बरोबर आहे. पण ते ३१ टक्के सरासरी आहेत, आणि पाचही जण एकसारखे असतील तर सगळे त्याच त्या अडचणींना अडतील. माझे पाचही जण डोळस होते, पाचही जणांकडे बरे फोन होते. कानाने_वाचतो, तुमची पोस्ट वाचली नसती तर मी या पाच जणांवर समाधान मानलं असतं. समीकरणांची ६२ चित्रं होती, रोज रात्री थोडी थोडी लाटेकमध्ये टाइप करतेय. ३८ झाली.

परवाच्या असाइनमेंटला ड्राफ्ट एकही नाही. दोघांची कामं मात्र आलीच नाहीत. त्यातल्या एकाला फोन केला, तर त्याने फाईल आधीच्या असाइनमेंटमध्ये चढवली होती, दोन्हींची नावं ‘असाइनमेंट’नेच सुरू होतात म्हणून. फोनवर नावाचा पहिला भागच दिसतो, पुढे तीन टिंबं. आज रात्री सगळ्यांची नावं बदलतेय, विषय आधी आणि क्रमांक नंतर. दुसऱ्या मुलाने अजून फोन उचललेला नाही, उद्या वर्गात विचारेन.