खड्ड्यात आदळताच मीटर आणि वायपर क्षणभर बंद पडतात

प्रश्न: जुन्या पेट्रोल गाडीत, विशेषतः पावसाळ्यात, मीटरचे काटे अचानक शून्यावर येतात, वायपर थांबतात आणि क्षणात सर्व पूर्ववत होते, इंजिन मात्र चालूच राहते. गॅरेजमध्ये दोष दिसत नाही. तपास कुठून सुरू करावा?

उत्तर: इंजिन बंद पडत नाही, ही सर्वांत मोलाची खूण आहे. मीटर आणि वायपर यांचा सामाईक मार्ग शोधा, म्हणजे फ्यूज, इग्निशन स्विच किंवा अर्थिंग (वीज गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत नेणारी जोडणी). अंदाजाने सुटे भाग कृपया बदलू नका. उभ्या गाडीत वायपर लावून किल्ली आणि डॅशबोर्डखालील वायरिंग हलक्या हाताने हलवून पाहा.

दुसरे उत्तर: नुसता रोध (विजेला होणारा अडथळा) मोजल्यास फसगत होते, कारण तारेचा एखादाच धागा शाबूत असला तरी मल्टीमीटर जवळजवळ शून्य ओहम दाखवतो. त्यापेक्षा दिवे, पंखा आणि वायपर चालू ठेवून बॅटरीचे ऋण टोक आणि अर्थिंगच्या तारेच्या टोकाची, पत्र्याला बोल्टने बसवलेली रिंग यांमधील व्होल्टेज मोजा, ते 0.2 व्होल्टच्या बरेच वर गेल्यास तो जोड संशयास्पद समजावा.

प्रश्नकर्ता: किल्ली हलवून काही झाले नाही, पण डाव्या बाजूच्या रिंगवर वायरिंग हलवताच 1.4 व्होल्ट दिसले. बोल्ट काढल्यावर रिंगखाली हिरवट थर आढळला आणि जवळचे कार्पेटही ओलसर आहे.

दुसरे उत्तर: बॅटरीचे ऋण टोक सोडवून रिंग आणि पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, बोल्ट घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. मात्र पाणी आत येत राहिल्यास जोड पुन्हा गंजेल, म्हणून पुढच्या काचेखालील पाणी वाहून जाण्याच्या वाटा पालापाचोळ्याने तुंबल्या आहेत का, हे आधी पाहा.