आयव्हीएफ लातूरलाच की पुणं गाठायचं?

प्रश्न: आययूआय (वीर्य नळीनं गर्भाशयात सोडतात ते) करून झालं, आता डॉक्टर आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) म्हणतायत. पुण्याला जावं का? पण सारखं इंजेक्शन, सोनोग्राफी, ह्यांना सुट्टी मिळत नाही, कसं जमवायचं?

उत्तर: ताई, आधी क्लिनिकचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट मागा, २०२१ च्या एआरटी (अशा उपचारांच्या) कायद्यानं सक्तीचं आहे. लेव्हल १ क्लिनिक म्हणजे फक्त आययूआय, आयव्हीएफला लेव्हल २ लागतं.

उत्तर: एम्ब्रियोलॉजिस्ट (लॅबमध्ये गर्भ तयार करणारा तज्ज्ञ) रोज तिथंच असतो की बाहेरून येतो ते विचारा, आमच्याकडं तो यायचा तेव्हाच सगळ्यांचं एग पिकअप (स्त्रीबीज बाहेर काढणं), हे मला अजिबात पटलं नाही. सक्सेस रेट पण नुसत्या पॉझिटिव्ह टेस्टचा नको, बाळ जन्मल्याचा नि तुमच्या वयाचा विचारा.

उत्तर: सोनोग्राफी लातूरला, पिकअप पुण्याला असंही होतं, दोन्ही डॉक्टर तयार हवेत. मिस्टरांची सीमेन टेस्ट झालीय ना?